पापडाचा ससा आणि नाश्त्याचा वाघ

प्रश्न : लहानपणी दूरदर्शनवर लिज्जत पापडाच्या जाहिरातीत एक ससा यायचा. तो कार्टून होता का? अमेरिकेत भाच्याकडे गेलो तेव्हा त्याचे सासरे नाश्त्याच्या जुन्या जाहिरातींतले वाघ नि ससे आठवून रंगून बोलत होते. आपल्याकडे नाश्त्याला असं कार्टून का मिळालं नाही?
– एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : तुमचा ससा कार्टून नव्हे, बाहुला. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी तो घडवला; म्हणजे त्यांच्या वडिलांच्या बोलक्या बाहुल्याचा, अर्धवटरावांचा तो भाऊबंदच!

लिज्जतचा उद्योग गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन 1959 साली सुरू केला. नेमक्या त्याच साली अमेरिकेतही ‘ट्रिक्स’ नावाच्या रंगीबेरंगी नाश्त्याच्या जाहिरातीत एक ससा अवतरला. पण बिचाऱ्याला ट्रिक्स खायला काही मिळेना. नाना सोंगं काढून तो वाटीपर्यंत पोचायचा आणि मुलं ती काढून घ्यायची. शेवटी 1976 साली कंपनीने मुलांचं मतदान घेतलं, तेव्हा कुठे त्याच्या तोंडी घास पडला. आपला ससा पापड समोर धरून खदाखदा हसायचा. मला आपलाच आवडतो. कुणाच्या पुढ्यातलं ताट ओढून हसू आणणं काही खरं नाही.

आता वाघाचं. केलॉग्जचा टोनी वाघ 1952चा. तिकडे नाश्ता कारखान्यातून खोक्यात भरून यायचा. शनिवारी सकाळी मुलं टीव्हीवर कार्टून बघत बसायची, मधल्या जाहिरातीत तोच वाघ दिसायचा आणि मग दुकानात आईजवळ त्याच खोक्यासाठी हट्ट. आपल्याकडे विकायला खोकंच नव्हतं. मराठवाड्यात मुरमुरे भिजवायचे, पिळायचे, हिरवी मिरची-कांद्याची फोडणी द्यायची, वरून दाण्याचं कूट, की झाली सुशीला. तिची जाहिरात कोण करणार? केलॉग्जचे ‘राईस क्रिस्पीज’ म्हणजे तरी काय, फुलवलेला तांदूळच. पण तो खपवायला तिकडे 1930च्या दशकापासून तीन बुटके राबताहेत. दूध ओतलं की तांदळाचा जो चुरचुर आवाज होतो, त्यावरूनच तिघांची नावं पडली.

केलॉग्ज 1994 साली भारतात आली तेव्हा तिची गाठ आपल्या गरम दुधाशी पडली. सकाळी दूध तापवूनच घ्यायची आपली रीत, आणि त्यात मक्याच्या कुरकुरीत पोह्यांचा क्षणात लगदा व्हायचा. पुढे चॉकलेटी ‘चोकोज’ आले, सोबत अस्वल आलं, आणि मुलांना ते आवडलंही.

पण सशासारखं ते घरातल्या सगळ्यांचं झालं नाही. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या 1976 साली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं घरोघरी तेवढी एकच वाहिनी. आवडो न आवडो, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी तोच ससा पाहिला. अस्वल आलं तोवर केबल आली होती, रिमोट हातात होता, आणि जाहिरात लागली की घर दुसऱ्या वाहिनीवर जायचं.