गोष्टीतले गणित

गोष्टीचे पुस्तक म्हटले की आपण पुढे धावतो आणि गणिताचे पुस्तक म्हटले की मागे सरकतो. माझेही तसेच होते. मला बेरीज येते, वजाबाकी येते, पाढेही पाठ आहेत. पण उदाहरण शब्दांत आले की चुकायचे. म्हणून मी एक युक्ती काढली होती. 'एकूण' दिसले की बेरीज करायची, 'उरले' दिसले की वजाबाकी. उदाहरण पुरते वाचायचेच नाही!

एकदा चाचणीत उदाहरण आले. रामूने मित्राला ७ बोरे दिली. त्याच्याजवळ ५ बोरे उरली. तर आधी किती होती? मी 'उरली' पाहिले आणि ७ मधून ५ वजा केले. उत्तर लिहिले २. बाई म्हणाल्या, "अगं, ज्याच्याजवळ २ बोरे, तो ७ कशी देईल?" मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बाई गणिताच्या तासाला गोष्टीचे पुस्तक घेऊन आल्या. त्यात भास्कराचार्यांची माहिती होती. ते फार मोठे गणिती होते. त्यांचा जन्म इ. स. १११४ मध्ये झाला. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ लिहिला. 'लीलावती' हा त्याचाच एक भाग. लीलावती ही त्यांची मुलगी होती, असे सांगतात. 'लीलावती'तल्या उदाहरणांत मोर, साप, हंस, कमळ असे सगळे येतात. म्हणजे गोष्टीतून गणित शिकवायची रीत फार जुनी आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने तेथे मठ काढला, असे त्यात लिहिले आहे.

बाईंनी त्यातली भुंग्यांची गोष्ट सांगितली. भुंग्यांचा एक थवा होता. त्यातला पाचवा भाग कदंबाच्या झाडावर गेला. तिसरा भाग दुसऱ्या एका फुलावर गेला. या दोन्हींत जितका फरक, त्याच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलांवर गेले. एक भुंगा हवेतच घिरट्या घालत उरला. तर थव्यात भुंगे किती?

यातही 'उरला' आहे. पण वजा कशातून करणार? माझी युक्ती चाललीच नाही. बाई म्हणाल्या, "चिंचोके घ्या आणि गोष्ट मांडा." ज्या संख्येचे ५ सारखे भाग होतात आणि ३ सारखे भागही होतात, अशी सर्वांत लहान संख्या १५. आम्ही १५ चिंचोके घेतले. पाचवा भाग ३. तिसरा भाग ५. फरक २, त्याची तिप्पट ६. तीन, पाच आणि सहा मिळून १४. एक उरला. जमले की हो!

त्याच आठवड्यात आजी बाजारातून आली आणि कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, "माहे पैसे कुठीतरी पडले वं!" तिने २०० रुपये नेले होते. पिशवीत ४५ उरले होते. मी म्हटले, "आजी, पहिल्यापासून गोष्ट सांग." ती सांगत गेली, मी पाटीवर मांडत गेले. गूळ ५० रुपये, चहापत्ती ३०, बांगड्या ४०. झाले १२०. त्यात उरलेले ४५ मिळवले, १६५ झाले. म्हणजे ३५ रुपये कमी. मी विचारले, "बांगड्या घेतल्यावर कुठे गेली होतीस?" आजी एकदम हसली. "अवं बाई, तुह्यासाठीच तर वही घेतली!" वही ३५ रुपयांचीच होती.

म्हणून मी आता आधी गोष्ट वाचते. सुरुवातीला काय होते, मधे काय झाले, शेवटी काय राहिले, हे पाहते. मगच आकडे मांडते.

आता तुम्ही सांगा. भुंग्यांच्या गोष्टीत १ ऐवजी २ भुंगे उरले असते, तर थवा केवढा असता? चिंचोके घ्या आणि करून पहा.

— इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा, केनवड