छोटा कूलर घ्यावा का?

मुलांनो, जाहिरातीत टेबलावर मावणारा कूलर दाखवतात. म्हणे, ‘खोली मिनिटांत थंडगार!’ आपण हिशेबच करू.

कूलर म्हणजे माठाचाच भाऊ. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं. समजा, टाकी अर्ध्या लिटरची आणि पाणी पुरतं ५ तास. म्हणजे तासाला १०० मिलिलिटर. तेवढ्याची वाफ व्हायला सुमारे ५८ किलोकॅलरी उष्णता लागते. आणि नुसता बसलेला मोठा माणूस तासाला ८०च्या आसपास बाहेर टाकतो! मग खोली गार कशी होणार? तोंडावर वारा लागेल, तेवढाच.

विदर्भात मे महिन्यात हवा कोरडी. तिथे मोठा कूलर छान चालतो, खिडकी मात्र उघडी हवी. कोकणातल्या दमट हवेत माठसुद्धा नीट गार होत नाही. घरी कूलर घ्यायचं निघालं तर दुकानदाराला विचारा, टाकीत पाणी किती मावतं नि किती तास पुरतं?