दोन रेषा कोठे छेदतात?

गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही कधी बसला आहात का? एखाद्या स्टेशनात गाडी उभी राहते ती हलतच नाही. लोक कुरकुरतात, "उगाच थांबवली!" थोड्या वेळाने समोरून मालगाडी धडधडत येते, निघून जाते आणि मग आपली गाडी सुटते. हे थांबणे उगाच असते का? याचे उत्तर आलेखाच्या एका कागदावर मिळते.

हा मार्ग सुमारे 240 किलोमीटरचा आणि एकेरी. तो दुहेरी करण्यास केंद्र सरकारने एप्रिल 2025 मध्ये मंजुरी दिली. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या फक्त स्टेशनातच एकमेकींना ओलांडू शकतात.

आता आलेख काढू. गोंदियापासून सौंदड 40 आणि अर्जुनी 80 किलोमीटर आहे असे मानू. हे आकडे व गाड्यांच्या वेळा हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतल्या आहेत. आपल्या पॅसेंजर गाडीच्या वेळा अशा:

8.00 – गोंदिया सोडले (0 कि.मी.)
8.40 – सौंदडला पोचली (40 कि.मी.)
9.00 – सौंदड सोडले (40 कि.मी.)
10.00 – अर्जुनीला पोचली (80 कि.मी.)

आडव्या अक्षावर वेळ घ्या: 1 सें.मी. = 10 मिनिटे, सुरुवात 7.30 पासून. उभ्या अक्षावर गोंदियापासूनचे अंतर घ्या: 1 सें.मी. = 10 कि.मी. चार बिंदू मांडा आणि पट्टीने जोडा. (खरी गाडी हळूहळू वेग घेते, म्हणून खरी रेषा थोडी वक्र असते. ते सध्या सोडून देऊ.)

पहिला तुकडा जास्त चढा आहे, कारण 40 मिनिटांत 40 कि.मी., म्हणजे चाल ताशी 60 कि.मी. दुसरा तुकडा आडवा आहे. वेळ पुढे सरकली पण अंतर तेवढेच राहिले, म्हणजे गाडी उभी होती. तिसऱ्याचा चढ कमी आहे. तेथे चाल ताशी 40 कि.मी.

मग सरासरी चाल किती? पुष्कळजण चटकन सांगतात, 60 आणि 40 यांची सरासरी 50. हे चूक आहे! सरासरी चाल म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. अंतर 80 कि.मी., वेळ 2 तास, म्हणून सरासरी चाल ताशी 40 कि.मी. थांबलेला वेळ वगळला तरी 50 येत नाही, 48 येते. कारण गाडी ताशी 60 ने फक्त 40 मिनिटे धावली, पण ताशी 40 ने पूर्ण तासभर.

आता त्याच कागदावर मालगाडी काढा. ती 7.50 ला अर्जुनीहून निघते, ताशी 40 कि.मी. चालीने न थांबता 9.50 ला गोंदियाला येते. तिची रेषा खाली उतरते. याचा अर्थ ती डोंगर उतरते असा नव्हे. तिचे गोंदियापासूनचे अंतर कमी होत जाते, एवढेच. दोन्ही रेषा 8.50 ला 40 कि.मी.वर छेदतात, म्हणजे पॅसेंजर सौंदडला उभी असताना. ठीक आहे.

पण मालगाडी अर्धा तास उशिरा, 8.20 ला निघाली तर? तिची नवी रेषा काढा. पॅसेंजर 9.00 लाच सुटली, तर रेषा 9.10 ला सुमारे 47 कि.मी.वर छेदतात. तेथे स्टेशन नाही! कागदावरचा हा छेदबिंदू म्हणजे रुळावरची समोरासमोरची टक्कर. मालगाडी सौंदडला येते 9.20 ला. म्हणून पॅसेंजर रोखून धरावी लागते. ती 9.30 ला सोडली तर अर्जुनीला 10.30 ला पोचेल. 80 कि.मी.ला अडीच तास, म्हणजे सरासरी चाल ताशी 32 कि.मी. चाल घटली, पण माणसे सुखरूप पोचली.

रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांचे असेच आलेख ठेवले जातात. पूर्वी ते कागदावर पेन्सिलीने काढत, आता संगणकाच्या पडद्यावर दिसतात. शिवाय पुढच्या स्टेशनची 'लाईन क्लियर' मिळाल्याशिवाय स्टेशनमास्तर गाडी सोडत नाहीत. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्येही पॅरिस ते लिऑन मार्गाचे वेळापत्रक अशा तिरप्या रेषांनी मांडलेले होते.

तेव्हा यापुढे गाडी थांबली की कुरकुरू नका. घड्याळ पाहा, वेळा टिपून घ्या आणि घरी येऊन आलेख काढा.

करून पाहा: तुम्ही सायकलने 12 कि.मी. दूरच्या गावी ताशी 12 कि.मी. चालीने गेलात आणि वाऱ्यामुळे ताशी 6 कि.मी. चालीने लगेच परत आलात. आलेख काढा. संपूर्ण फेरीची सरासरी चाल किती?

(उत्तर: ताशी 8 कि.मी. 9 आले असेल, तर लेख पुन्हा वाचा!)