जुन्या चाकांचे भंगार : वर्गीकरण आणि पूर्वतयारी

मोटार निकामी झाली, तरी तिच्या चाकांतील धातू निकामी होत नाही. मात्र त्याचा पुनर्वापर किती मोलाचा ठरेल, हे भट्टीत जाण्यापूर्वीच्या वर्गीकरणावर अवलंबून असते.

चाके मुख्यतः दोन प्रकारची असतात. पोलादी चाकास चुंबक चिकटते. ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या चाकास चिकटत नाही. पोलादाची घनता सुमारे 7.8, तर ॲल्युमिनियमची 2.7 असल्याने वजनावरूनही फरक कळतो. क्रोमियमचा मुलामा दिलेली चाके वेगळी ठेवावीत. मॅग्नेशियमची चाके क्वचितच आढळतात. तीही चुंबकास चिकटत नाहीत आणि हा धातू पेट घेतो, म्हणून विशेष दक्षता हवी.

पूर्वतयारीचा क्रम असा : प्रथम व्हॉल्वचा गाभा काढून हवा पूर्णपणे सोडावी, मग टायर उतरवावा. त्यानंतर तोल साधण्यासाठी लावलेली वजने काढावीत. ती शिशाची असू शकतात. शिसे 327 अंश सेल्सिअसला, म्हणजे ॲल्युमिनियमच्या (660 अंश) कितीतरी आधी वितळते आणि त्याच्या विषारी वाफा कामगाराच्या शरीरात जातात. शेवटी व्हॉल्व, नट व प्लास्टिकच्या टोप्या वेगळ्या कराव्यात.

एवढी काटेकोरता कशासाठी? मिश्रधातूच्या चाकांत साधारणतः 7 टक्के सिलिकॉन, अल्प मॅग्नेशियम आणि अत्यल्प लोह असते. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये विरघळलेले लोह काढून टाकणे अवघड असते. त्याचे सुईसारखे स्फटिक बनून धातू ठिसूळ होतो. असा धातू नव्या चाकांसाठी अयोग्य ठरून दुय्यम ओतकामाकडे जातो. भंगारापासून ॲल्युमिनियम मिळवण्यास खनिजापासूनच्या निर्मितीच्या सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते. ही बचत टिकवायची, तर धातूची शुद्धता राखणे आवश्यक आहे.

धोरणात्मक पातळीवर तीन टप्पे लक्षात ठेवावेत : पोलाद भंगार पुनर्चक्रण धोरण (2019), वाहन मोडीत काढणाऱ्या केंद्रांच्या नोंदणीचे नियम (2021) आणि 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेले, उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी टाकणारे आयुर्मान संपलेल्या वाहनांचे नियम.

भंगार हाताळणारा कामगार बहुधा असंघटित असतो. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-60 या किरणोत्सारी पदार्थामुळे एका कामगाराचा मृत्यू झाला. येणारा माल ओळखणे हा उत्पन्नाइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. म्हणूनच नोंदणीकृत केंद्रांच्या विस्ताराबरोबर या कामगारांना प्रशिक्षण व संरक्षक साधने मिळणे अगत्याचे आहे.