लिहून देणे, लिहून घेणे

‘लिहिणे’ हा शब्द आपण शिकलो. त्याला दुसरा शब्द जोडला की अर्थ पालटतो. इंग्रजीतही असेच आहे. ‘गिव्ह’ म्हणजे देणे. पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे.

शेजारणीचे पत्र आपण लिहून देतो. राजूरच्या बाजारात वाण्याकडून हिशेब लिहून घेतो. येथपर्यंत सोपे आहे. पण सरकारी कागदात याच शब्दांना फार वजन असते. जमिनीच्या खरेदीखतात ‘लिहून देणार’ म्हणजे जमीन विकणारा. ‘लिहून घेणार’ म्हणजे ती विकत घेणारा. मग कागद कोणीही लिहिलेला असो!

पूर्वी अक्षर न येणारा कुणबी कागदावर नांगराची निशाणी करी. आत काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे हिसकावून जाळले.

आता आपल्याला वाचता येते. म्हणून आम्ही सांगतो, सही करण्याआधी आपले नाव कोठे आहे ते पाहा. ‘लिहून देणार’ असे असेल तर विचारा, “मी काय देतो आहे?” उत्तर नीट समजेपर्यंत सही करू नका.

सराव : घरातला एखादा जुना कागद काढा. त्यात हे दोन शब्द शोधा.