बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

ट्रकचा सेल्फ लागला नाही की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘बॅटरी बसली’. बॅटरी बसलेली असते हे खरं. पण ती का बसली, हा प्रश्न विचारायला कोणी थांबत नाही. गॅरेजवाला नवी जोडी सांगतो, मालक पैसे मोजतो आणि थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा धक्क्यावर येते. माझ्या गाडीबाबत हेच घडलं. ते इतरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सगळं सांगतो आहे.

माझा ट्रक अमरावती-अकोला मार्गावर चालतो. हंगामात जिनिंगमधल्या रुईच्या गाठी, एरवी अकोल्याच्या दालमिलचा माल. एका हिवाळ्यात दिवसा गाडीची काहीच तक्रार नसायची. रात्री मात्र हेडलाइट पिवळे पडायचे आणि सकाळी सेल्फ नुसता टकटक करायचा. एका गॅरेजात दोन्ही बॅटऱ्या नव्या बसवल्या. आठवडाभर गाडी झकास चालली. मग एका रात्री मूर्तिजापूरच्या अलीकडे पुन्हा दिवे मंदावले. पुढचा रस्ता दिसेना, त्याहून जास्त भीती मागच्याची होती. याच महामार्गावर लोणी ते माना दरम्यान जून 2022 मध्ये 75 किलोमीटरची एक लेन सलग 105 तास 33 मिनिटांत डांबरली गेली आणि ती गिनेस बुकात गेली. रस्ता गुळगुळीत, गाड्या सुसाट. अशा रस्त्यावर टेल लॅम्प विझलेला ट्रक म्हणजे मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतणारी गोष्ट.

अकोल्याला एका जुन्या वायरिंग मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी बॅटऱ्यांकडे पाहिलंही नाही. इंजिन सुरू ठेवून हेडलाइट लावायला सांगितले. मीटरची एक तार अल्टरनेटरच्या पाठीवरच्या मोठ्या बोल्टला, दुसरी त्याच्या बॉडीला. आकडा आला 28 व्होल्ट. मग बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर धरलं, तर 25. ते म्हणाले, “बॅटऱ्या काहून बदलवल्या भाऊ? अल्टरनेटर करंट बनवून रायला, पण तो बॅटरीलोक पोचूनच नाई रायला.”

त्यांनी इंजिन बंद केलं, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि अल्टरनेटरवरचं रबरी टोपण सरकवलं. टोपण कडक होऊन तडकलं होतं. आतलं थिंबल काळंनिळं पडलेलं, नट बोटांनी फिरेल इतका सैल, लगतच्या वायरीचं आवरण करपलेलं. तीन व्होल्ट तिथेच उष्णता होऊन जळत होते. दिवसा करंट कमी, म्हणून तूट कमी. रात्री दिव्यांचा भार वाढला की त्याच सांध्यावरची तूट वाढायची. नवं थिंबल दाबून बसवलं, नट आवळला, आणि दोन्हीकडे जवळपास सारखा आकडा दिसू लागला.

डिझेल ट्रक या बाबतीत फसवा असतो. जुन्या मेकॅनिकल पंपाचं इंजिन एकदा सुरू झालं की त्याला विजेची फारशी गरज उरत नाही. अल्टरनेटर मेला तरी गाडी दिवसभर पळते आणि रोग रात्री उघडा पडतो. बीएस-6 गाड्यांत पंप, इंजेक्टर सगळं ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या हातात. व्होल्टेज फार उतरलं की इंजिन भर रस्त्यात बंद पडू शकतं. म्हणून जुन्या गाडीवाल्याने रात्र होण्याआधी आणि नव्या गाडीवाल्याने लक्षण दिसताच तपासणी करावी. साधं मल्टिमीटर पुरतं.

सुरुवात बंद गाडीपासून करा. रात्रभर उभ्या गाडीच्या प्रत्येक बॅटरीवर 12.6 च्या आसपास आकडा हवा. 12.2 म्हणजे निम्मी रिकामी. एक 12.6 आणि दुसरी 10.5 दाखवत असेल तर दुसरीचा एक सेल गेला असण्याची शक्यता मोठी. इंजिन सुरू करून जरा रेस दिल्यावर दोन्ही मिळून साधारण 27.5 ते 28.5 हवेत. आकडा वाढतच नसेल तर चार्जिंग होत नाही. 29.5 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. बॅटरी उकळेल, पाणी उडेल, बल्ब जातील. मग हेडलाइट लावून, मिस्त्रींनी केलं तसं, अल्टरनेटर आणि बॅटरी दोन्हीकडे मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर केबल, थिंबल आणि अर्थिंग तपासा.

अल्टरनेटर कमीच देत असेल तर तो खोलण्याआधी पट्टा पाहा. व्ही-बेल्ट बाजूंनी पकड धरतो. पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असेल तर बेल्ट झिजून तळाला टेकतोय, तो बदलाच. मग चावी फिरवून चार्जिंगचा दिवा लागतो का ते पाहा. जुन्या अनेक अल्टरनेटरांत सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला की चांगला अल्टरनेटरही जागा होत नाही. त्यानंतर कार्बन ब्रश, रेग्युलेटर, डायोड. गाडी तासन्‌तास बंद असूनही अल्टरनेटर हाताला कोमट लागला तर डायोड शॉर्ट आहे आणि तोच रात्रभर बॅटरी पितो आहे.

आपल्याकडची एक सवय बॅटऱ्या हमखास मारते. 24 व्होल्टच्या गाडीत टेप, मोबाइल चार्जर, शोभेचे दिवे यांसाठी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट घेतले जातात. ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. यासाठी 24 वरून 12 करणारा कन्व्हर्टर लावा. एक जुनी, एक नवी अशी जोडीही लावू नका.

दुसरी गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा सगळ्यांना ठाऊक आहे. इथल्या बोअरचं पाणी बॅटरीत टाकणं म्हणजे प्लेटांवर मीठ ओतणं. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 च्या घरात जातो. तेव्हा दर पंधरवड्याला पातळी बघा. प्लेटा बुडलेल्या राहतील इतकंच पाणी हवं, ॲसिड वरून घालायचं नाही.

काही गोष्टींना सक्त मनाई समजा. चालू इंजिनात बॅटरीची केबल काढून ‘अल्टरनेटर चालतो का’ पाहू नका. व्होल्टेज उसळून डायोड आणि ईसीयू दोन्ही जाऊ शकतात. बॉडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरी सोडवा आणि ईसीयूचे कनेक्टर काढून घ्या. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे बिडी-काडी नको. केबल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. डीईएफची टाकी असलेल्या गाडीत इंजिन बंद केल्यावर लगेच मेन स्विच पाडू नका, डीईएफचे पाइप रिकामे व्हायला एक-दोन मिनिटं द्या.

केबिनमध्ये एक मीटर आणि छोटी वही ठेवा. गाडी ठीक असतानाचे तीन आकडे, बंद गाडीचा, चालू इंजिनाचा आणि हेडलाइट लावल्यावरचा, दर महिन्याला टिपून ठेवा. कोणी बॅटरी बदला म्हटलं तर आधी ही वही समोर धरा आणि आकडा कुठे बिघडला ते दाखवायला सांगा. ज्याला तो दाखवता येत नाही, त्याच्या सांगण्यावरून पार्ट बदलू नका.