मापांवरून बीजाची परीक्षा

मांसोत्पादनासाठी गुरे पाळणाऱ्यापुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो : कळपातील गोऱ्ह्यांपैकी वळू म्हणून कोणता राखावा? डोळ्यांना दिसते ते जनावराचे शरीर. वासरांकडे जातात ती मात्र बीजातील जनुके होत. ह्या दोहोंतील भेद न ओळखल्यास काय घडते, ह्याचे बोलके उदाहरण अमेरिकेत आढळते.

बुटक्या वळूंचा मोह

विसाव्या शतकाच्या चौथ्या व पाचव्या दशकांत तेथील प्रदर्शनांतून हरफर्ड व अँगस जातींच्या आखूड पायांच्या, भरदार जनावरांना बक्षिसे मिळत. अशी गुरे लवकर चरबी धरतात, म्हणून पैदासकारही तसेच वळू निवडीत. परंतु १९५० च्या सुमारास नामांकित कळपांतूनही खुजी वासरे जन्मू लागली. त्यांचे कपाळ फुगीर, पोट सुटलेले व श्वास घुरघुरणारा असे. पुष्कळशी अल्पायुषी ठरत. हा दोष एका अप्रभावी जनुकाचा होता. त्याची एकच प्रत असलेले जनावर निरोगी दिसते. पण असे दोन वाहक एकत्र आल्यास सरासरीने चार वासरांत एक खुजे निपजते. वाहक जनावरे किंचित अधिक आटोपशीर बांध्याची दिसत, त्यामुळे निवडीत त्यांनाच झुकते माप मिळाले, असे अनेक अभ्यासकांनी मानले.

मग संशयित वळूचा संयोग वाहक गायींशी करून परीक्षा घ्यावी लागली. अशी १६ वासरे निर्दोष निपजली, तर वळू वाहक असूनही दोष लपून राहण्याचा संभव शंभरांत सुमारे एक इतकाच उरतो.

मापापासून पैदासमूल्याकडे

ह्यावरून माप घेणे व्यर्थ ठरते काय? मुळीच नाही. पुठ्ठ्याची उंची, अंगाची लांबी, छातीचा व वृषणकोशाचा घेर ही मापे उपयुक्तच आहेत; फक्त त्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. एकाच ऋतूत जन्मलेल्या व एकाच चाऱ्यावर वाढलेल्या जनावरांचीच परस्परांशी तुलना करावी. वासराचे वय व त्याच्या आईचे वय ह्यांमुळे पडणारा फरक आधी वजा करावा.

उरलेल्या फरकाचा किती भाग आनुवंशिक आहे, हे दाखविणाऱ्या अंशास आनुवंशिकता म्हणतात. पुठ्ठ्याच्या उंचीच्या बाबतीत ती बरीच मोठी असते. समजा, ती ०.५ आहे; कळपाची सरासरी उंची १२४ सेंटिमीटर व एका गोऱ्ह्याची १३० सेंटिमीटर आहे. फरक ६ सेंटिमीटर. म्हणून त्याचे अंदाजी पैदासमूल्य ३ सेंटिमीटर अधिक. वासरास पित्याची निम्मीच जनुके मिळतात, म्हणून संततीत सरासरीने १.५ सेंटिमीटर वाढ अपेक्षावी. केवळ उंची पाहून ६ सेंटिमीटरांची आशा धरणारा निराश होईल.

एका जनावराच्या मापापेक्षा त्याच्या भावंडांची व संततीची मापे जोडल्यास अंदाज अधिक भरवशाचा होतो. चार्ल्स हेंडरसन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यापासून विकसित केलेली गणितपद्धती सर्व नातलगांची नोंद एकाच वेळी विचारात घेते. ऑस्ट्रेलियात १९८५ पासून ‘ब्रीडप्लॅन’ योजनेत तिचा उपयोग होत आला आहे. २००१ नंतर जनुकखुणांची माहितीही अशा मूल्यमापनात जोडण्याचा मार्ग खुला झाला.

एक गुण, अनेक परिणाम

कोणतेही माप एकटे बदलत नाही. उंच वळूंची निवड केली की गायीही थोराड होतात व त्यांच्या पोषणास अधिक चारा लागतो. जन्मवजन वाढले की गायीस विणे अवघड जाते. उलट, वळूच्या वृषणकोशाचा घेर मोठा असल्यास त्याच्या कालवडी लवकर वयात येण्याकडे कल दिसतो. म्हणून जाणता पैदासकार एका मापामागे न धावता अनेक गुणांचा तोल सांभाळतो.

हा तोल पुढेही सुटला. खुजेपणाचा धडा मिळाल्यावर अमेरिकेतील प्रदर्शने उंच जनावरांकडे वळली आणि १९८० च्या दशकात गुरे गरजेहून अधिक थोराड झाली. मोजपट्टी दोन्ही वेळी खरेच बोलत होती; चूक होती ती एकाच मापाच्या टोकास जाण्यात.